निघून जायचं पाऊल

फरशी अजून निसरडी आहे. काठी टेकली तशी ती जराशी सरकली आणि माझ्या नातीने, जुईने, झटकन माझा दंड धरला. मी म्हटलं, "सोड. या फरशीवर मी तुझ्या आईच्या जन्माआधीपासून घसरतेय."

लालबागची आमची चाळ रिकामी होते आहे. पुढून पत्रे ठोकलेत, जिन्यावर कोणीतरी लाल रंगाने फुल्या मारल्यात. मागच्या अंगाला मात्र सगळं जागच्या जागी आहे. सार्वजनिक नळ, त्याखालची काळी फरशी आणि पलीकडे गिरणीची भिंत. भिंत म्हणजे तिचा उरलेला तुकडा. मागची गिरणी गेली, तिथे काचेची इमारत उभी राहिली. जुईला ही जागा बघायची होती. ती दादरला एका शाळेच्या हॉलमध्ये आठवड्यातून दोनदा जे शिकते आणि आता लहान पोरींना शिकवते, ते या नळाखाली आलं. त्याआधी ते समुद्रापलीकडे सुमात्रात होतं. त्याला सिलात म्हणतात. हाताने आणि त्याहून जास्त पायाने लढायची विद्या. आमच्या चाळीत त्याला 'आबाचा नाच' म्हणत आणि आबा दिसेनासा झाला की हसत.

आबाकाका माझ्या वडिलांचा थोरला भाऊ. मालवणचा माणूस, बोटीवर खलाशी. महायुद्धात तो सुमात्राच्या पाडांग बंदरात अडकला. कसा अडकला, काय खाल्लं, कोणी लपवलं, ते त्याने कधी सांगितलं नाही. विचारलं की विडीत लवंगेचा चुरा भरायचा आणि पेटवायचा. तो वास आमच्या खोलीत कायम असे. तिथल्या एका म्हाताऱ्याने त्याला भाताच्या खाचरात, चिखलात उभा करून शिकवलं होतं. त्या म्हाताऱ्याला लोक आजोबा म्हणत आणि रानातल्या वाघालाही त्याच शब्दाने हाक मारत. डचांच्या अमलात गोरे साहेब बघायला आले की सगळे हात वळवून, माना वेळावून नाचायला लागत. साहेब टाळ्या वाजवून जात. साहेब गेले की त्याच नाचातला हात गळ्याशी येई.

लालबागेत चिखल कुठून आणणार? काका भल्या पहाटे नळाला पाणी आलं की फरशीवर घागर ओतायचा आणि वर मूठभर साबणाचा चुरा टाकायचा. बायका बादल्या घेऊन रांगेत उभ्या. "आबानु, पाणी काय तुमच्या सुमात्राहून येतं का?" तो मान खाली घालून म्हणे, "वायच थांबा गो, पोरां पडतहत." आणि आम्ही पडत असू.

तिकडे म्हणे ढोल आणि घंटा वाजत. आमच्याकडे ते जमणार नव्हतं, कारण माझे बाबा रात्रपाळीचे. ते आणि त्यांच्यासारखे चाळीतले अर्धे पुरुष पहाटे येऊन आडवे व्हायचे. त्यांची झोप मोडली तर सिलात राहिलं बाजूला, वेगळंच युद्ध झालं असतं. म्हणून काकाने विद्या मुकी करून टाकली. ना हुंकार, ना पायाचा आवाज. ताल घ्यायचा तो भिंतीतून. पलीकडे गिरणीचे साचे, म्हणजे माग, चालत, भिंत थरथरे, फरशीतून ती थरथर तळव्यात येई आणि आमचं पाऊल तिच्यावर पडे. सुमात्रातल्या आजोबाला हे कळलं असतं तर तो काय म्हणाला असता देव जाणे. मला मात्र कित्येक वर्षं वाटे की जगात सगळीकडे सिलात मागावरच चालतं.

"आधी पायान विचार, मगे अंग ने," काका सांगायचा. पाय आधी सरकवायचा, रिकामा, वजनाशिवाय. जमीन हो म्हणाली तरच पुढे जायचं.

मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची, दोन वेण्या, गुडघे कायम सोललेले आणि स्वतःबद्दल अफाट कल्पना. मला शिकवायचं कारण एकच होतं. माझा थोरला भाऊ वसंतदादा हा काकाचा खरा चेला, आणि दादाला पाडायला कोणीतरी हवं होतं. मी ते मानत नसे. मी स्वतःला वाघीण समजे. एकदा जिन्याच्या अंधाऱ्या वळणावर वाघाच्या पवित्र्यात, हात जमिनीला टेकून, दबा धरून बसले. गच्चीवरून खालच्या मजल्यावरच्या काकू लोणच्याची बरणी घेऊन उतरत होत्या. वाघीण झेपावली. बरणी गेली, कैऱ्या पायरीपायरीने खाली गेल्या, आणि काकूंनी वाघिणीला वेणीला धरून आईपुढे उभं केलं. आई म्हणाली, "हिका सर्कशीत पाठवा." मी दोन दिवस अपमानाने जेवले नाही, म्हणजे आईसमोर जेवले नाही.

पण एक गोष्ट होती जिला आम्ही सगळे घाबरायचो. काकाची बोटीवरची लोखंडी पेटी.

पाडांगला चेला गुरूकडे आला की बरोबर पांढऱ्या कापडाचा तुकडा आणायचा. शिकताना मेला तर त्याच कापडात गुंडाळायचा. काकाने तो रिवाज इथेही ठेवला. आम्ही गिरणगावातले, कापडाला काय तोटा. प्रत्येकाने मांजरपाट आणला. मढ्यावर घालतात तोच. मी माझ्यासाठी निळ्या किनारीचं आणलं होतं. मेल्यावरही आपण बरं दिसावं एवढीच इच्छा. काकाने ते उलटसुलट करून पाहिलं, म्हणाला, "मरणाक किनार लागणा नाय गो," आणि परत पाठवलं. मग मी कोरं आणलं. सगळी कापडं पेटीत, कडुलिंबाचा पाला आणि कापूर घालून, घडी करून ठेवलेली असत. पेटी उघडली की आमच्या खोलीत मयताच्या घरासारखा वास सुटे.

त्या कापडाबरोबर एक बोली होती. कापड पेटीत आहे तोवर चेला काकाचा. काकाच्या शब्दाशिवाय कोणावर हात टाकायचा नाही, कुठल्या मारामारीत पाऊल ठेवायचं नाही. कापड परत नेलं की बोली संपली, शिकणंही संपलं. आणि सगळ्यांत शेवटी, काका निवडेल त्या एकालाच, एक पाऊल शिकवलं जाई. काकाला ते त्याच्या गुरूने निघायच्या दिवशी दिलं होतं. काका ते वसंतदादाला देणार हे चाळीतल्या मांजरांनाही ठाऊक होतं. काकाचा खोकला वाढला होता. तो दादाकडे अशा नजरेने बघे, जसा माणूस फलाटावर घड्याळाकडे बघतो.

मग ते दिवस आले. संयुक्त महाराष्ट्राचे. पहाटे प्रभातफेरी, संध्याकाळी सभा, मधल्या वेळात डफावरची कवनं. पोरं घसा बसेपर्यंत ओरडत आणि बसलेल्या घशाने सांगत की मुंबई आपली. मीही ओरडे. कशासाठी ते मला निम्मंच कळे, पण वाघिणीला ओरडायला निमित्त लागत नाही. सुरुवातीला ते सणासारखं होतं. मग वास बदलला. मोर्च्यावरून येणाऱ्यांच्या कपड्यांना काहीतरी आंबूस, डोळे चुरचुरवणारं येऊ लागलं. बायका अश्रुधुरावर उतारा म्हणून खिडकीत ओली फडकी आणि चिरलेले कांदे ठेवू लागल्या. परळच्या नाक्यावर चपलांचा ढीग दिसे, एकेकट्या चपला, जोडी नसलेल्या. कोणाचा मुलगा परत आला नाही असं कळे आणि त्या मजल्यावर दोन दिवस कोणी फोडणी देत नसे.

दादा बदलीवर गिरणीत जाई, काम नसेल त्या दिवशी मोर्च्यात. मोर्च्यात जायला काकाची ना नव्हती. हात उचलायला होती. नळाखाली रोज तेच भांडण.

"काका, माणसं रस्त्यावर मार खातायत आणि आपण इथे साबणावर नाचतोय."

"नाचतच रव. नाचणारो घराक येता."

"लाठी हातातून काढून घ्यायचं तू शिकवलंयस ना? मग कशाला शिकवलंस? नळाकडून बादली काढून घ्यायला?"

"एक माणूस तुझ्यावर इलो तर शिकवलंय. जमावात पाय टेकूक जागा नसता रे. जागा नाय तर आमची विद्या नाय."

"जागा करू."

काका खोकत राहिला. मग म्हणाला, "तुझा कापड माझ्याकडे असा." तेवढं एक वाक्य दादाला बांधून ठेवी. मी पाहिलंय, मुठी वळलेल्या असत आणि त्या वाक्याने उघडत.

थंडीच्या दिवसांत एकदा काकाने पेटीतली सगळी कापडं उन्हाला घातली. कसर लागू नये एवढाच त्याचा हेतू. गॅलरीच्या दोरीवर एकाशेजारी एक, पांढरी, कोरी. वारा नव्हता. खाली रस्त्याने जाणारी माणसं वर बघून थांबली. कोणीतरी टोपी काढली. गॅलरीत खेळणारी पोरं आपोआप आत गेली. समोरच्या चाळीतून एक म्हातारी ओरडून विचारत होती, "किती गेले हो तुमच्याकडचे?" मी मोठ्या तोऱ्यात तिला सांगितलं की त्यातलं डावीकडून दुसरं माझं आहे. म्हातारी पदर तोंडाला लावून आत पळाली.

आईने ते पाहिलं. माझी आई फार बोलणारी बाई नव्हती, आणि काकाशी तर ती थेट बोलतच नसे. थोरला दीर, त्याच्याशी बोलायचं ते मला किंवा भांड्याकुंड्यांना सांगून. ती दोरीखाली उभी राहून बराच वेळ दादाच्या कापडाकडे बघत होती. मग आत जाऊन तांदूळ निवडायला बसली. तांदूळ आधीच निवडलेले होते.

हरताळाच्या दिवशी गिरणीचा भोंगा वाजला नाही. चाळीला जाग आली ती त्या शांततेनेच. मी फरशीवर पाय ठेवला, तळव्याला काहीच लागेना. भिंत मेल्यासारखी थंड. दादा शर्टाच्या बाह्या दुमडत होता. मोठा मोर्चा फाउंटनकडे निघणार होता आणि दोन दिवस पोरांच्यात काहीतरी कुजबुज चालू होती, लाठ्यांची. काकाने त्याला हाक मारली.

"वसंता. हंय ये. आज तुका शेवटचा पाऊल दाखवतंय. मगे जा."

दादाचा चेहरा मला आठवतो. इतका उजळला की मला हेवा वाटला. काकाने रिवाजाप्रमाणे पेटी उघडली. शिकवण्याआधी चेल्याचं कापड बाहेर काढून मध्ये ठेवायचं. एक कापड काढलं, दुसरं काढलं. सगळी काढली. पाला, कापूर, रिकामा तळ.

चुलीशी, आमच्याकडे पाठ होती ती आईची. न वळता ती मला म्हणाली, "सांग गो काकाक. वसंताचा कापड मी काढलंय. शेवंताच्या झिलाक त्याची दुपटी शिवलंय."

शेवंता आईची गिरणीतली मैत्रीण, समोरच्या चाळीतली, नुकतीच बाळंत झालेली. आईने तो मांजरपाट धुऊन, चुरगळून मऊ केला होता आणि त्याची दुपटी करून तान्ह्या पोराला गुंडाळायला दिली होती.

"माझ्या झिलाच्या मढ्यावरचा कापड ह्या घरात रवचा नाय," आई चुलीला म्हणाली. "तयारी करून ठेवली तर मरण येतलाच ना."

दूध उतू गेलं, त्याचा जळका वास सुटला, तरी आई उठली नाही. तिला वाटलं तिने मरणाचं बिऱ्हाड हलवलं. काका पेटीच्या कडेला हात ठेवून बसला होता. तो एकदम फार म्हातारा दिसला.

"वसंता, तुझा कापड माझ्याकडे नाय. आता तुका शिकवूक येणा नाय." मग, फार हळू, "आणि तुका अडवूकय येणा नाय."

आईने तेव्हा मान वळवली. आयुष्यात पहिल्यांदा ती काकाच्या तोंडाकडे बघून बोलली. "दुसरा देतंय. आत्ता फाडून देतंय."

"तसा नसता गो," काका म्हणाला.

मोडता आला असता का तो रिवाज? जुईने मला विचारलंय. पन्नास वेळा मी स्वतः विचारलंय. पण काकाकडे त्या मुलखातून आणलेलं दुसरं होतं काय? एक पेटी, लवंगेचा वास आणि न मोडलेली बोली. दादाने काकाच्या पायाला हात लावला, आईकडे पाहिलंही नाही, आणि जिना उतरून गेला. त्याच्या मुठी वळलेल्या होत्या. त्या उघडायला आता कोणाकडे वाक्य नव्हतं.

दिवस कसा गेला ते सांगण्यासारखं नाही. कावळे नळावर येऊन बसले, कारण तिथे माणूस नव्हतं. दुपारी दूरवर काहीतरी फुटल्याचे आवाज आले. कोणी म्हणालं फटाके. म्हणणाऱ्यानेच खिडकी लावून घेतली. मी गॅलरीत उभी राहून मनातल्या मनात दादाला पावलं सांगत होते, डावा पुढे, वजन मागे. जणू माझ्या सूचनांवाचून तो फाउंटनला अडला होता. आई जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती. काका तिच्यापासून काही अंतरावर. निरोप सांगायला मधे मी नव्हते.

दिवेलागणीला दादाला चौघांनी उचलून आणलं. जिवंत. आईने आधी त्याच्या छातीला हात लावला, मग कपाळाला, मग सगळीकडे. डावा गुडघा भलत्याच दिशेला वळलेला होता. गोळी लागली नव्हती. लाठीही नव्हती. लाठी तर त्याने एका शिपायाच्या हातून अलगद काढून घेतली होती, शिकवल्याप्रमाणे. मग शिकवल्याप्रमाणेच पाय सरकवला, रिकामा, जमीन विचारायला. तेवढ्यात मागून लोंढा आला. आपलीच माणसं, जीव घेऊन पळणारी. कोणाचा दोष म्हणायचा? ती त्या पायावरून गेली.

"जागा नव्हती काका," दादा म्हणाला.

काकाने मान हलवली. "म्हायत असा."

दादाचा गुडघा पुन्हा कधी नीट वाकला नाही. काकाने मला नळाखाली बोलावलं तेव्हा साचे परत चालू झाले होते. पेटीतून माझं कापड काढून मध्ये ठेवलं. दादा ओट्यावर पाय लांब करून बसला होता. मला वाटलं आता काहीतरी भयंकर दिसणार, एका फटक्यात माणूस लोळवायचं. मी तर कोणाला लोळवायचं त्यांची नावंही काढून ठेवली होती, लोणच्याच्या काकू पहिल्या.

काकाने ते दाखवलं. पाय मागे, अंग तिरपं, खांदा वळला आणि तो तिथे नव्हता. दोन हात अंतरावर होता, पाठमोरा, चालायला लागलेला. मारणं त्यात नव्हतंच. भांडणाच्या मध्यातून बाहेर कसं पडायचं, कोणाच्या अंगाला न लागता, त्याचं ते पाऊल होतं. तेवढं एकच त्याच्या गुरूने शेवटासाठी राखून ठेवलं होतं, कारण चेल्याच्या हातात ताकद असेपर्यंत ते त्याला पटत नाही.

"इतकंच?" दादाने विचारलं.

"इतक्याच."

दादा हसायला लागला. हसता हसता त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि बराच वेळ तिकडेच ठेवलं. आई बादली भरत होती. बादली भरून वाहत होती.

काका त्यानंतरच्या पावसाळ्यात गेला. त्याला त्याच्या स्वतःच्या कापडात गुंडाळलं. त्याचंही एक होतं पेटीत, सगळ्यांत खाली. शेवंताचा झील मात्र आता सत्तरीला आलाय, दोन वेळा जेवतो आणि राजकारणावर भांडतो. पेटीतल्या कापडांपैकी सगळ्यात चांगलं नशीब त्याच्या वाट्याचं निघालं.

ते पाऊल काकाने मला मोजकंच दाखवलं. मधे खोकल्याची ढास यायची, तो थांबायचा, मीही थांबायची. पुढची सगळी वर्षं ते माझ्याकडून घोटून घेतलं दादाने, ओट्यावर बसून, पुढे काठी घेऊन. लग्न होऊन मी गिरगावात गेले तरी रविवारी नळावर हजर. नऊवारीचा काष्टा मारला की ते पाऊल आणखी खाली, आणखी बारीक जाई, हे मी काढलेलं. दादा माझ्या पायाकडे बघत बघत स्वतःचा पाय हलवून दाखवायचा. "असा ने. असा." मी नेला. माझ्याकडून माझ्या लेकीने घेतलं, तिच्याकडून जुईने.

आज जुईने फोन काढला आणि मला पाडांगचा कोणीतरी तरुण दाखवला. तो तेच करत होता. हिरवं खाचर, चिखल, आणि तेच पाऊल.

"आता बघ आजी." तिने ते पुन्हा लावलं. "तो मधे थांबत नाही. आणि डावा पाय तो उचलतो. आपण ओढतो. आईला विचारलं, ती म्हणाली तुझ्याकडून आलंय. आपण का ओढतो?"

मी म्हटलं, "सुमात्राची जुनी पद्धत असेल."

"आजी."

या पोरीपुढे थाप टिकत नाही. मी ओट्याच्या कडेला बसले. सांगितलं तिला. थांबतो तो काकाचा खोकला. ओढतो तो दादाचा पाय. तिघी बायका पिढ्यानपिढ्या एका मोडलेल्या गुडघ्याची नक्कल इमानाने करत आलो.

तिने फोन खिशात टाकला. मग विचारलं, "मग काय करू? पोरींना मी असंच शिकवलंय. तू म्हणशील तसं ठेवते."

मला ठेवावंसं वाटलं. खोटं कशाला बोलू. दादा जाऊन वर्षं झाली, त्याचा फोटोसुद्धा धड नाही. तो उरलाय तो या पोरीच्या डाव्या पायात. पण ती पोरगी गर्दीच्या शहरात राहते. सध्याच्या बातम्या मीही ऐकते, रस्त्यावरचे आवाज खिडकीतून येतात, आणि ते कुठल्या वळणाला लागले की कसे वाटतात ते मला ओळखता येतं.

"खोकला राहू दे," मी म्हटलं. "पाय उचल."

ती फरशीच्या मधोमध उभी राहिली. मी समोर, काठी आडवी धरून, वाट अडवून. पाय मागे, अंग तिरपं. काकाच्या खोकल्याच्या जागी ती थांबली, तेवढंच. मग डावा पाय स्वच्छ उचलला गेला, आणि मी जिथे बघत होते तिथे कोणी नव्हतं.